घोडामैदान अजून लांब आहे

ऑक्टोबर महिना म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सबमिशन, राहिलेली जर्नल्स, ओरल्स आणि दिवाळीला घरी जायचं रिझर्व्हेशन. तिकडे इंग्लंड-आयर्लंडमध्ये मात्र या महिन्यात वेगळीच धांदल असते. पावसाने जमीन मऊ व्हायला लागते, उन्हाळाभर कुरणात चरून सुस्तावलेले घोडे पुन्हा ट्रेनिंगला लागलेले असतात आणि अडथळ्यांच्या शर्यतींचा, म्हणजे जंप रेसिंगचा, खरा सीझन सुरू होतो. कागदोपत्री जुना सीझन एप्रिलअखेर संपून नवा लगेच सुरू झालेला असतो, पण मोठे घोडे मैदानात उतरतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्याच सुमाराला तिथल्या वर्तमानपत्रांत आणि मासिकांत एक ठरलेला प्रकार छापून येतो : 'यंदा लक्ष ठेवावेत असे नवशिके घोडे'. नावांची यादी, प्रत्येकाबद्दल चार ओळींची स्तुती आणि 'हा पुढचा अमुक' असं भविष्य!

माझं मत स्पष्ट सांगते. या याद्या बहुतेक वेळा चुकीची गोष्ट मोजतात आणि चुकीच्या वेळी मोजतात. आणि त्याची किंमत यादी लिहिणारा देत नाही. ती घोडा देतो.

आता तुम्ही म्हणाल, कॉलेजच्या मॅगझिनमध्ये, तेही मराठी विभागात, हे घोडे कुठून आले? दोष डिक फ्रान्सिसचा. हा लेखक आधी जॉकी होता. १९५६ च्या ग्रँड नॅशनलमध्ये इंग्लंडच्या राजमातेचा डेव्हन लॉक हा घोडा जिंकता जिंकता शेवटच्या काही यार्डांवर अचानक पोटावर बसला, त्याच्या पाठीवर हेच महाशय होते. पुढे त्यांनी रेसकोर्सवरच्या रहस्यकथा लिहिल्या आणि आमच्या कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत त्या ओळीने लावलेल्या होत्या. तिथून लागलेलं वेड हॉस्टेलच्या वाय-फायवर जुन्या रेसेस बघण्यापर्यंत आलंय. रेक्टर मॅडमना आधीच सांगून ठेवते, बेटिंगशी माझा संबंध नाही आणि हा लेख टिप्स देण्यासाठी नाही. उलट टिप्स का घेऊ नयेत, हे सांगण्यासाठी आहे.

आपल्याला रेस म्हणजे पुण्याचं किंवा महालक्ष्मीचं रेसकोर्स माहीत. ती सपाट मैदानावरची शर्यत, फ्लॅट रेसिंग. घोडा लहान वयात धावतो, दीड-दोन मिनिटांत निकाल. जंप रेसिंगचा मामला वेगळा. कमीत कमी दोन मैल अंतर आणि वाटेत अडथळे. सर्वमान्य कथा अशी की १७५२ साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोन गृहस्थांनी पैज लावली आणि बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, साधारण साडेचार मैल, वाटेतली कुंपणं, चर, भिंती ओलांडत घोडे पिटाळले. चर्चचं उंच टोक, म्हणजे स्टीपल, नजरेसमोर ठेवून पळायचं म्हणून नाव पडलं स्टीपलचेस.

या खेळात घोड्याचं करिअर टप्प्याटप्प्याने होतं, जवळजवळ आपल्या सेमिस्टर्ससारखं. आधी अडथळ्यांशिवायच्या शर्यती, त्यांना बंपर म्हणतात. मग हर्डल्स. मग फेन्सेस, म्हणजे खरी स्टीपलचेस. ज्या घोड्याने चालू सीझन सुरू होईपर्यंत एकही स्टीपलचेस जिंकलेली नाही, तो नवशिका, नोव्हिस. म्हणजे नोव्हिसपणा वयावर नाही. सहा-सात वर्षांचा, हर्डल्सवर मोठमोठ्या रेसेस मारलेला घोडासुद्धा फेन्ससमोर उभा राहिला की फर्स्ट इयरचा पोरगाच!

आणि इथेच घोडं पेंड खातं. ऑक्टोबरच्या याद्या बनतात त्या मुख्यतः हर्डल्सच्या मार्कशीटवर. त्याच्या जोडीला घोडा कितीला घेतला, बाप कोण, कुठल्या मोठ्या ट्रेनरच्या तबेल्यात आहे, हे सगळं. पण हर्डल आणि फेन्स यांत फरक फक्त उंचीचा नाही. हर्डल म्हणजे जमिनीत खोचलेली, जरा पुढे कललेली हलकी चौकट, कमीत कमी साडेतीन फूट उंच. घोड्याचा पाय लागला तर ती मागे झुकते, पडते. म्हणून वेगवान घोडे हर्डलवरून नीट उडी मारतच नाहीत. खालून सपकन निघून जातात, लागलं तर लागलं. फेन्स मात्र कमीत कमी साडेचार फूट उंच, बर्चच्या काटक्या घट्ट बांधून केलेली. वरचे काही इंच झाडूसारखे मऊ, पण त्याखाली ती घोड्याला अजिबात वाट देत नाही. काही फेन्सेसच्या अलीकडे खंदकही असतो. हर्डलवर जी सवय वेग वाचवते, तीच सवय फेन्सवर घोड्याला तोंडावर पाडते.

जरा आपल्या भाषेत बोलू. दोन मैलांची स्टीपलचेस साधारण चार मिनिटांत होते, म्हणजे सेकंदाला तेरा मीटरच्या वर वेग. पाचएकशे किलोचं जनावर, पाठीवर जॉकी. एका ढांगेत ते सहाएक मीटर अंतर कापतं. याचा अर्थ असा की फेन्सजवळ पोचताना ढांगेचा हिशेब अर्ध्याने चुकला तर उडीची जागा तीन मीटरने चुकते. मग घोड्यापुढे दोनच पर्याय. एकतर लांबूनच झेप घ्यायची, नाहीतर पटकन एक छोटी ढांग जास्तीची टाकून अगदी जवळून उडी मारायची. हा निर्णय सेकंदाच्या काही भागात होतो आणि तो बराचसा घोड्याचा असतो, जॉकीचा नव्हे. हर्डल्सच्या मार्कशीटवर या निर्णयाचा कॉलमच नाही!

शिवाय घोड्याला फेन्स आपल्याला दिसते तशी दिसतही नाही. इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं फेन्सच्या पायथ्याची फळी केशरी रंगवत असत, कारण माणसाला तो रंग ठळक दिसतो. घोड्याच्या डोळ्याला केशरी आणि हिरवा यांत फारसा फरक कळत नाही, हे एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं आणि २०२२ पासून तिथे पांढरा रंग द्यायला सुरुवात झाली. इतकी वर्षं परीक्षा घोड्याची आणि पेपर मात्र माणसाच्या डोळ्यांनी काढलेला!

तर मग नवशिक्याची पारख करायची कशी? मी जे काही पाहिलं-वाचलं त्यावरून मला चार प्रश्न महत्त्वाचे वाटतात.

पहिला प्रश्न : ढांग जुळली नाही तर घोडा काय करतो? सगळं जुळून आलं की कुठलाही घोडा देखणी उडी मारतो. फोटोही त्याच उडीचा छापतात. पण मैदान दोन-तीन मैलांचं, फेन्सेस बारा ते वीसच्या घरात. दोन-चार ठिकाणी हिशेब चुकणारच. तिथे जो आपणहून ढांग आखडून, बेताने पलीकडे उतरतो, तो शिकलेला. जो प्रत्येक वेळी लांबूनच झेपावतो, तो शूर दिसतो, पण थकल्यावर काय करणार ते सांगता येत नाही. सँडाउनच्या मैदानावर रेल्वे लाइनच्या बाजूला तीन फेन्सेस अगदी जवळजवळ आहेत. पहिलीवर चुकलात की सावरायला वेळच नाही, दुसरी आलीच. कुठल्याही यादीपेक्षा त्या तीन फेन्सेस नवशिक्याबद्दल जास्त खरं बोलतात.

दुसरा प्रश्न : चुकल्यानंतर काय करतो? याचं अगदी ताजं उदाहरण २०२५ च्या मार्चमधलं. चेल्टनहॅम फेस्टिव्हल म्हणजे या खेळाची वार्षिक परीक्षा. तिथे दोन मैलांच्या नवशिक्यांसाठी आर्कल नावाची रेस असते. माजबरो हा घोडा त्यात सगळ्यांचा फेव्हरिट होता. आदल्या वर्षी तो तिथेच ट्रायम्फ हर्डल जिंकलेला, म्हणजे मार्कशीट चोख. शेवटून दुसऱ्या फेन्सवर त्याने जबरदस्त चूक केली आणि तो तिसरा आला. जिंकला जँगो बाई. पण मी ती रेस पुन्हा पाहिली तेव्हा मला वाटलं, एवढी मोठी चूक करूनही हा घोडा पडला नाही, परत गती धरून तिसरा आला, ही माहिती निकालाच्या कागदावर हरवून गेली. 'हरला' या एका शब्दात सगळं संपलं.

तिसरा प्रश्न : कुणाबरोबर आणि कुठे धावला? इंग्लंडमध्ये नवशिक्यांच्या कित्येक रेसेसमध्ये तीन-चारच घोडे असतात. पुढे एकटं पळून वीस लेन्थनी जिंकणं दिसायला छान, पण बाजूने दुसरा घोडा घासत येतोय, समोरच्याच्या टाचा दिसताहेत, फेन्स दिसतच नाहीये, अशा वेळी तो काय करेल हे त्यातून कळत नाही. मैदानाचंही तसंच. केम्प्टन सपाट आणि उजवीकडे वळणारं. चेल्टनहॅम डावीकडे वळणारं, उताराचं आणि शेवटी जीव काढणारा चढ. केम्प्टनवरच्या विजयावरून चेल्टनहॅमचं भविष्य सांगणं म्हणजे सपाट रस्त्यावर टेस्ट घेतलेली गाडी पाहून खंबाटकी घाटाचं सर्टिफिकेट देणं.

चौथा प्रश्न सगळ्यात साधा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा : त्याला वेळ दिलाय का? हेन्रिएटा नाइट या ट्रेनर बाईंचा बेस्ट मेट हा घोडा २००२, २००३ आणि २००४ अशी सलग तीन वर्षं चेल्टनहॅम गोल्ड कप जिंकला. गोल्ड कप म्हणजे सवातीन मैलांहून जास्त अंतर, बावीस फेन्सेस, या खेळातला सर्वोच्च मान. त्या वर्षांत बाई त्याला सीझनमध्ये जेमतेम तीन-चार वेळा पळवत. लोक नावं ठेवायचे, की घोडा जपून जपून वापरतात. पण कपाटातल्या तीन कपांपुढे कोण काय बोलणार?

आता याद्यांनी काय होतं ते एका रेसच्या गोष्टीतून सांगते. गोष्ट सुरू होते १९९९ च्या चेल्टनहॅमपासून. तीन मैलांची नवशिक्यांची मोठी रेस. आयर्लंडहून निक डंडी नावाचा घोडा आलेला, त्याच्याबद्दल इतकं बोललं गेलेलं की बाकीचे जणू पाहुणे म्हणून आलेत. शेवटून तिसऱ्या फेन्सवर तो पडला, पायाला भयंकर इजा झाली. जिवानिशी वाचला, पण तो पूर्वीचा घोडा राहिला नाही. रेस जिंकली लुक्स लाइक ट्रबल या घोड्याने, मागच्यांना कुठल्या कुठे टाकून. पण त्याचं कौतुक कुणाला? 'निक डंडी पडला म्हणून जिंकला' असा शिक्का बसला.

पुढच्याच वर्षी, मार्च २००० चा गोल्ड कप. त्यात तीन घोड्यांकडे बघा. एक हा लुक्स लाइक ट्रबल, नशिबाने जिंकलेला. दुसरा फ्लोरिडा पर्ल. हा बंपरमधून हर्डल्स टाळून थेट फेन्सेसवर आला होता आणि १९९८ ची नवशिक्यांची रेस मारून गेला होता. 'नवा आर्कल' म्हणून त्याची ओवाळणी कधीच झालेली. आणि तिसरा ग्लोरिया व्हिक्टिस, अवघ्या सहा वर्षांचा, त्या सीझनला अजून नवशिकाच. फेब्रुवारीत केम्प्टनला त्याने अनुभवी घोड्यांना धूळ चारून रेसिंग पोस्ट चेस जिंकली होती. त्यामुळे नवशिक्यांच्या रेसऐवजी त्याला थेट गोल्ड कपमध्ये उतरवलं. ट्रेनर मार्टिन पाइप काही साधे गृहस्थ नव्हते, इंग्लंडमधले चॅम्पियन ट्रेनर. घोड्यात ताकद होतीच. बाविसातल्या वीस फेन्सेस तो पुढच्या घोड्यांच्या बरोबरीने लढत आला. एकविसावीवर पडला. इजा इतकी की त्याला तिथेच शांत करावं लागलं.

रेस जिंकली लुक्स लाइक ट्रबलने. फ्लोरिडा पर्ल दुसरा.

ग्लोरिया व्हिक्टिस नवशिक्यांच्या रेसमध्येही पडला असता, हे मला मान्य आहे. फेन्सला रेसचं नाव कळत नाही. मी कुणा एका माणसाला दोषी ठरवत नाहीये. पण ज्याला फेन्सेसवर येऊन जेमतेम एक हिवाळा झालाय त्याला बावीस फेन्सेसच्या, सगळ्यात वेगवान, सगळ्यात निर्दय परीक्षेला बसवण्याची घाई कुठून येते, हा प्रश्न विचारायला हवा की नको? ती घाई ऑक्टोबरपासून साठत येते. 'होतकरू' शब्द एकदा छापला की मालकाला वाटतं वाट कसली बघायची, प्रेक्षकांना वाटतं उद्याच दाखवा, ट्रेनरला वाटतं सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत. घोड्याला काय वाटतं हे विचारायची सोय नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे तर नवरदेवाच्या घोड्यालाच बाशिंग बांधून मोकळे!

याच्या उलट बाजूचं उदाहरण म्हणजे कौटो स्टार. फ्रान्समधून विकत आणलेला, ट्रेनर पॉल निकल्स. नवशिका म्हणून २००५ च्या जानेवारीत तो एक्सेटरला धावला. जिंकतच होता, शेवटून दुसऱ्या फेन्सवर पडला. जॉकी रुबी वॉल्श उठला, रिकिबीत पाय न घालता पुन्हा स्वार झाला, पिटाळला आणि अगदी थोडक्यात हरला. केवढी बहादुरी! नंतर कळलं की घोड्याच्या मागच्या पायाला फ्रॅक्चर आहे. सीझन तिथेच संपला. पडल्यावर पुन्हा स्वार होण्यावर ब्रिटनमध्ये २००९ मध्ये बंदी आली, ती यायलाच हवी होती. त्या वर्षीच्या हिशेबाने कौटो स्टारची नोव्हिस मार्कशीट काय? एक जिंकला, एक पडला, जखमी. पुढे तोच घोडा २००७ मध्ये गोल्ड कप जिंकला, २००८ मध्ये हरला आणि २००९ मध्ये पुन्हा जिंकला. गमावलेला गोल्ड कप परत मिळवणारा तो पहिलाच घोडा. केम्प्टनची किंग जॉर्ज रेस तर पाच वेळा मारली. शेवटच्या फेन्सवर गडबड करायची त्याची खोड सुरुवातीला होतीच, २००७ च्या गोल्ड कपमध्येसुद्धा तो शेवटच्या फेन्समध्ये घुसलाच होता. पण सावरायचा. म्हणजे माझा दुसरा प्रश्न! आज केम्प्टनला २६ डिसेंबरला नवशिक्यांची जी मोठी रेस होते, तिला कौटो स्टारचंच नाव दिलेलं आहे. नवशिका म्हणून ज्याचं वर्ष वाया गेलं, त्याचं नाव नवशिक्यांच्या रेसला. यापेक्षा चांगलं उत्तर याद्यांना काय असणार?

आणि गॅलोपिन दे शाँ? मार्च २०२२, चेल्टनहॅम, नवशिक्यांची अडीच मैलांची रेस. शेवटच्या फेन्सवर आला तेव्हा मागचा घोडा कुठे लांब होता. उडी झकास मारली, उतरताना पुढचे पाय दुमडले आणि खाली. हातातली रेस बॉब ओलिंजरला मिळाली. निकालात त्याच्या नावापुढे लागलं 'पडला'. पण ज्यांनी डोळे उघडे ठेवून रेस पाहिली त्यांना कळलं की शेवटच्या एका सेकंदाआधीचं सगळं अव्वल होतं. २०२३ आणि २०२४ चा गोल्ड कप त्यानेच जिंकला. म्हणजे निकाल एक सांगतो आणि उड्या दुसरंच सांगतात. उड्या वाचायला मात्र वेळ लागतो.

आता माझ्या विरोधातलाही मुद्दा मांडायला हवा. कोणी म्हणेल, मुलाचे पाय पाळण्यात दिसतातच की! आर्कल १९६३ मध्ये चेल्टनहॅमची नवशिक्यांची रेस जिंकला आणि पुढची तीन वर्षं गोल्ड कप. डेन्मन २००७ मध्ये नवशिक्यांची रेस जिंकला आणि २००८ मध्ये खुद्द कौटो स्टारला हरवून गोल्ड कप. स्प्रिंटर साक्र २०१२ मध्ये आर्कल जिंकला तेव्हाच लोकांनी कानाला हात लावले होते. बरोबर आहे. पण नीट बघा, यांचे पाय दिसले ते फेन्सेसवर, पाळण्यात नव्हे. डेन्मन २००६ मध्ये चेल्टनहॅमला हर्डल्सवर निकॅनोरकडून हरला होता. स्प्रिंटर साक्र २०११ मध्ये हर्डल्सवर तिसरा आला होता. त्या-त्या वर्षी ऑक्टोबरात नुसत्या हर्डल्सच्या निकालावर क्रम लावला असता तर दोघांच्याही वर दुसरीच नावं आली असती. आणि फॅक्ट टू फाइल तर हर्डल्सच्या वाटेला गेलाच नाही. बंपरमधून थेट फेन्सेसवर आला आणि २०२४ मध्ये तीन मैलांची नवशिक्यांची रेस जिंकला. त्याच्या बाबतीत जुनी मार्कशीटच नव्हती!

दुसरा मुद्दा असा की याद्या म्हणजे गंमत असते, ती कोण एवढी मनावर घेतं? चहाच्या टपरीवर आपण वर्ल्ड कपची टीम निवडतो तसंच ते. हेही खरं. लोकांना आशा लागते, हिवाळा मोठा असतो. मी याद्या बंद करा म्हणत नाही. मी म्हणते, यादी करा पण क्रम लावू नका. प्रत्येक घोड्यापुढे त्याने काय जिंकलं याच्याबरोबर अजून काय दाखवलेलं नाही तेही लिहा. 'गर्दीत उडी मारलेली नाही.' 'चढावर धावलेला नाही.' 'चुकून सावरताना अजून पाहिलेला नाही.' आणि भविष्य सांगायचंच असेल तर नाताळनंतर सांगा. तोवर केम्प्टन, लेपर्डस्टाउनच्या रेसेस झालेल्या असतात आणि बहुतेक नवशिक्यांनी लोकांसमोर तीस-चाळीस फेन्सेस ओलांडलेल्या असतात. निदान तेवढा डेटा हातात येऊ द्या! आपल्याला लॅबमध्ये तीन रीडिंग्जवर ग्राफ काढला तर सर जर्नल परत फेकतात, मग इथे शून्य रीडिंगवर ग्राफ कसा चालतो?

जर्नलवरून आठवलं. हा शिक्के मारण्याचा कारभार आपल्याकडेही काही कमी नाही. फर्स्ट इयरला हॉस्टेलला आल्या आल्या पहिला प्रश्न, 'सीईटीला किती?' त्या एका आकड्यावर पोरगी हुशार की ढ हे विंगमध्ये ठरून जातं. पहिल्याच सेमला ज्यांना केटी लागते त्यांच्याकडे बघायची नजर बदलते, आणि जे पहिल्या सेमला नऊ पॉइंटर आणतात त्यांना तर पुढे चार वर्षं नापास व्हायची परवानगीच नसते. मला विचाराल तर या दुसऱ्या प्रकारच्यांची मला जास्त काळजी वाटते. पहिल्यांदा चुकल्यावर सावरायचं कसं, हे त्यांना कुणी शिकू दिलेलं नसतं. आपल्या सरांना-मॅडमना एक नम्र विनंती : वर्गात पहिल्या महिन्यात 'ही आपली टॉपर' म्हणू नका आणि 'हा काय पास होणार' असंही म्हणू नका. दोन्ही वाक्यं ऐकणाऱ्याच्या पाठीवर बसतात, जॉकीसारखी.

पण माणूस निदान बोलू शकतो, एखादा विषय ड्रॉप करू शकतो, घरी फोन करून रडू शकतो. घोड्याला यातलं काहीच जमत नाही. तो समोर आलेली फेन्स ओलांडतो, कारण त्याला तिच्याकडे नेलेलं असतं. म्हणून त्याच्याबद्दल बोलताना आपण जास्त जबाबदारीने बोलायला हवं, कमी नाही.

आपल्याकडे कुणी फार बढाया मारू लागला की आपण म्हणतो, घोडामैदान जवळच आहे. नवशिक्या घोड्याच्या बाबतीत ऑक्टोबरमध्ये ते जवळ नसतं. मध्ये अख्खा हिवाळा असतो, चिखल असतो, सँडाउनच्या त्या तीन फेन्सेस असतात. तिथून तो सुखरूप पलीकडे आला, की मग काढा ना यादी. पहिला अंक घ्यायला मीच उभी राहीन!